तीन इंच

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा माझे दोन्ही हात भिंतीवर आडवे पसरलेले होते. पदर खांद्यावरून घसरला होता आणि सावरायला हात मोकळा नव्हता. ‘ट्यूबरक्युलोसिस ऑफ द स्पाइन’, म्हणजे पाठीच्या कण्याचा क्षय. मणका आतून पोखरला जातो, खचतो, आणि पाठ पुढे वाकते. असा आजार ऐकून माणूस घाबरतं. मला आधी त्या पदराचीच लाज वाटली.

पाठ वाकलेली इतके महिने कुणाला दिसली कशी नाही, हे सांगायला लग्नापर्यंत मागे जायला हवं. मी ह्यांच्याहून बोटभर उंच. अंतरपाटाच्या वेळी ह्यांच्या पायाखाली दोन पाट ठेवले होते आणि मला खाली जमिनीवर उभं केलं होतं. सगळा मांडव हसला. तेव्हापासून ह्यांच्याशेजारी उभं राहताना मी खांदे पाडून, मान खाली घालून उभी राहायला लागले. ह्यांची बदली होऊन आम्ही कलकत्त्याला आलो, तरी ते अंगवळणी पडलेलं सुटलं नाही.

भवानीपूरच्या बिऱ्हाडात पाठ दुखायला लागली तेव्हा मी दोष दिला खाली बसून मासळी-भाजी चिरण्याला आणि इथल्या दमट हवेला. संध्याकाळी अंग कोमट व्हायचं. वजन उतरलं. पाठ वाकली, पण ती आधीपासून वाकतच होती. उलट हळदीकुंकवाला आपल्याकडच्या एक वहिनी म्हणाल्या, “आता कसा जोडा शोभतो हो तुमचा!” खरं सांगते, मला आनंद झाला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हेही मिशीत हसले.

इस्पितळात एक्स-रे झाला. फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टरांनी विचारलं, “पहिले हाइट कितना था?” मी ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी माझ्याकडे. अखेर हे म्हणाले, “माझ्याएवढी असेल. जरा कमीच.” एकाच घरात राहणाऱ्या माणसांना एवढं सांगता येऊ नये!

मग डॉक्टरांनी मला भिंतीशी उभं करून हात पसरायला लावले. ह्याला ‘आर्म स्पॅन’ म्हणतात. एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत जेवढं अंतर, साधारण तेवढीच माणसाची उंची. सगळ्यांचं तंतोतंत जुळत नाही, पण अंदाज येतो. पाठ खचली तरी हात आखडत नाहीत. टेपचं एक टोक ह्यांच्या हातात दिलं. हात भरले पाच फूट पाच. उंची भरली पाच फूट दोन. मग डॉक्टरांनी पायांची लांबीही मोजली. ती त्या मोठ्या मापालाच जुळत होती. आखूड झालं होतं ते धड.

“तीन इंच चला गया,” डॉक्टर ह्यांना म्हणाले, “आपने कुछ देखा नहीं?”

ह्यांनी टेप सोडली नाही. नुसते त्या आकड्याकडे बघत राहिले. स्वतःच्या वाकण्यापेक्षा ह्यांची खाली गेलेली मान बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायांत मुंग्या येतात, हे मी त्या दिवशी लाजेपोटी सांगितलंच नव्हतं. वॉर्डात गेल्यावर सांगितलं. डॉक्टर रागावले. कण्यातल्या मज्जारज्जूवर दाब आला तर पाय कायमचे जाऊ शकतात, म्हणाले. मग प्लास्टरच्या साच्यात कित्येक महिने उताणी पडून राहिले. रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. हे हावड्याहून काम आटोपून ट्रामने यायचे आणि उशाशी बसायचे. ओळखीच्यांना आम्ही ‘पाठीत उसण भरलीय’ म्हणून सांगितलं, कारण क्षय म्हटलं की माणसं दाराबाहेरूनच बोलायची. बेडपॅनसाठी आयाला हाक मारतानाही माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे.

हळूहळू मुंग्या थांबल्या. अंगठा हलवायला सांगितला, हलला. पुढे प्लास्टर जॅकेट घालून उभी केली. हे जॅकेट म्हणजे छातीपासून कमरेपर्यंत कडक चिलखतच. त्यात खांदे पाडता येत नाहीत. “हाडं जुळली,” डॉक्टर म्हणाले, “पण गेलेली उंची परत येणार नाही.” पाय वाचले ह्यासाठी त्या डॉक्टरांना आणि त्या आयाला मी रोज हात जोडते.

हे वाचणाऱ्या बायकांना एवढंच सांगते. पाठ दुखत असेल, ताप असेल आणि कुणी म्हणालं की वाकून छान दिसतेस, तर भिंतीशी उभ्या राहा आणि हात पसरा. लाज नंतर.

घरी आल्यावर दोन्हीकडच्या मंडळींना पाठवायला फोटो काढायचा ठरला. फोटोवाला घरी आला. मी सवयीने ह्यांच्या मागे सरकायला लागले. “थांब,” म्हणत हे स्वयंपाकघरात गेले आणि दोन पाट घेऊन आले. एकावर एक ठेवून टेपने मोजले.

“तीन इंच भरतात,” हे म्हणाले. “चढ वर.”

“अहो, लोक काय म्हणतील?”

“हसतील. मागे हसले होते तसेच.”

ह्यांच्या खांद्याला धरून मी वर चढले. खांदे पाडायला गेले, पण जॅकेटने पाडू दिले नाहीत. त्या फोटोत मी ह्यांच्याहून बोटभर उंच आहे, आणि माझे डोळे तेवढे जमिनीकडे आहेत.