बर्फावर काढलेली दृष्ट

आमच्या आंजीत बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबतासाठी पोत्यात गुंडाळून, भुशासकट आणलेली लादी. वर्ध्याहून सायकलवर येईपर्यंत अर्धी रस्त्यातच गळून जायची. म्हणून माझा मोठा भाऊ फौजेत गेला आणि बर्फाच्या खेळात नाव काढू लागला, हे गावात कोणाच्या पचनीच पडेना. पायांना लांब फळ्या बांधून डोंगरावरून खाली यायचं, असा तो खेळ. पारावरचे लोक बाबांना विचारत, "घसरगुंडीचंबी बक्षीस भेटते का हो?" बाबा तिथल्या तिथे उभे राहून, गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून दाखवत. एकदा त्या नादात पारावरून घसरलेसुद्धा. मग काय, आठवडाभर गावाला दुसरा विषय नव्हता.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी अकरावीत होते. भाऊ दिवाळीला सुटीवर आला होता, आणि जेवताना त्यानं सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "यंदा गुलमर्गच्या स्पर्धेत वरचा नंबर लागला तं मले तिथंच ठेवतीन, पोट्ट्यायले शिकवाले. नाई लागला तं पुलगावच्या फौजी डेपोत बदली भेटन."

मायचा भाकरी वाढणारा हात थांबला. पुलगाव म्हणजे घरच की. सकाळी निघालं तर दुपारी मुलाला डबा देऊन संध्याकाळी परत. फौजेत गेल्यापासून तो वर्षातून एकदा दिसायचा, कधी तेही नाही. माय दुसऱ्याच दिवशी केळझरच्या गणपतीला जाऊन आली. काय मागितलं ते मी विचारलं नाही. तिच्या तोंडी तेव्हापासून पुलगावशिवाय गाव नव्हतं. पुलगावला भाजी कशी मिळते, पुलगावला पाणी कसं आहे, पुलगावात आपल्यातल्या पोरी किती. मलाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोलू. भाऊ नसलेलं घर मला खायला उठायचं.

निघताना भाऊ बाबांना म्हणाला, "सगळ्यायच्या घरचे येतेत स्पर्धेले. माह्या नावानं आरडाले कोणीच नसते."

एवढं ऐकल्यावर बाबा कशाला थांबतात? कापूस घरात आला तसे आम्ही तिघं निघालो. आगगाडी, मग बस, मग आणखी एक बस, मग चाकांना साखळ्या बांधलेली जीप. माय नऊवारी लुगड्यावर बाबांचा जुना कोट आणि पायात माझे शाळेतले कॅनव्हासचे बूट घालून उतरली. खाली वाकून तिनं बर्फाला हात लावला, आणि तो पदराला पुसत म्हणाली, "इथं राह्यते माहा पोट्टा?"

तिथं कुठून कुठून आलेली कुटुंबं होती. पहाडातली, लडाखातली, खुद्द काश्मिरातली. त्यांची पोरं चालायला लागली तेव्हापासून बर्फावर. त्या बायका उतारावर अशा चालत, जशा आम्ही शेताच्या धुऱ्यावरून चालतो. आम्ही तिघं मात्र एकमेकांना धरून उभे. पण भाऊ आम्हाला पाहून इतका हरखला की माझं सगळं अवघडलेपण पळालं. सरावाच्या आधी तो मायला सगळ्यांपुढं नेऊन "ये मेरी माँ" म्हणून सांगत होता, आणि माय कोटाच्या बाह्या खाली ओढत होती.

त्याच सरावात तो पडला. आमच्या डोळ्यांसमोर पडला, आणि कितीतरी लांब घसरत गेला. हाड मोडलं नव्हतं, पण खांदा सुजला. "उद्या उतरतो मी, काई नाई होत," असं तो म्हणत राहिला. बाबा डॉक्टरच्या मागं मागं फिरत होते. माय मात्र भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा असा झाला होता की जणू तिनंच त्याला ढकललं.

दुसऱ्या दिवशी, तो वर जायला निघण्याआधी, तिनं पिशवीतून मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या काढल्या. घरून निघतानाच बांधून आणल्या होत्या, मायच ती. प्रश्न विस्तवाचा होता. जिकडं तिकडं बर्फ, निखारा आणायचा कुठून? शेजारी एक काश्मिरी बाई उभी होती. तिचा मुलगाही त्याच शर्यतीत होता. मायनं मूठ वळून हवेत ओवाळून दाखवली. बाईला हिंदीही नीट येत नव्हती, पण तिनं लगेच आपल्या पायघोळ फेरनखालून कांगडी काढली, वेताच्या टोपलीतलं निखाऱ्यांचं मडकं ते, आणि मायच्या पुढ्यात ठेवलं. त्यांच्यातही पोरांची नजर उतरवतात म्हणे, कसलंसं बी जाळून. मायनं आधी मूठ त्या बाईच्या मुलावरून फिरवली. मग भावाला समोर उभं केलं.

"आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, पापी-चांडाळाची," माय पुटपुटत होती. हे सगळं मला पाठ होतं, लहानपणापासून ऐकलेलं. ते म्हटलं की मूठ विस्तवात टाकायची. पण तिनं टाकली नाही. पुन्हा एकदा त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, "आन् माही."

भाऊ हसला. "तुही काऊन, माय?"

"तू हरला तं घरी येशीन, असं मनात आलतं माह्या. गणपतीलेबी तेच मांगलं. म्हून पडला तू."

बाबांनी मान फिरवली. मायनं मूठ कांगडीत टाकली. मिरच्या तडतडल्या, पण ठसका कोणालाच लागला नाही. आमच्याकडं म्हणतात, ठसका नाही लागला तर समजावं दृष्ट जबर होती. त्या वाऱ्यात कसला डोंबलाचा ठसका लागणार! पण मायला कोण समजावणार? तिनं फक्त मान हलवली, आपला गुन्हा शाबीत झाल्यासारखी.

"आता जाय," ती म्हणाली. "आन् जिंकून येजो."

तो उतरला तेव्हा सगळ्यात मोठा आवाज तिचा होता. डोक्यावरचा पदर कधी पडला ते तिला कळलं नाही. त्याचं नाव घेऊन ती अशी ओरडत होती, जशी तो लहानपणी शेतात लांब गेला की बांधावरून हाक मारायची. फरक इतकाच की तेव्हा ती त्याला परत बोलवायची.

त्याचा वरचा नंबर लागला, आणि तो तिथंच राहिला.

पुढं वर्ध्याच्या स्टँडवर पुलगावची गाडी लागली की माय बोलता बोलता थांबायची. गाडी हलली की पुन्हा सुरू. आम्हाला परत तिकडं जाणं काही जमलं नाही. पण दर हिवाळ्यात स्पर्धेचे दिवस आले की माय स्वयंपाकघरात पाट मांडायची. पाटावर कोणी नसायचं. त्या रिकाम्या पाटावरून ती मूठ फिरवायची, सगळ्यांची नावं घ्यायची, शेवटी "आन् माही" म्हणायची आणि मिरच्या चुलीत टाकायची. बंद घरात असा ठसका उठायचा की बाबा, मी, सगळेच खोकत अंगणात पळायचो.

"चांगलं झालं," माय आतूनच म्हणायची, "नाई लागली माही." ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर यायची, पदरानं डोळे पुसत. आमचेही डोळे तेव्हा वाहत असायचे, त्यामुळं तिला कोणी काही विचारत नसे.