लांबडी आणि डबा

बाजारात सगळे त्यांना मामा म्हणत. जुन्या मोटारी विकण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. शेडमध्ये आता एकच उरली होती, लांब नाकाची, काळीभोर; घरात तिला लांबडी म्हणत. तिच्यावर जीव टाकणारी पिढी एकेक करून निघून गेली, आणि नवं गिऱ्हाईक तिला वळसा घालून भलतंच मागायचं. या नव्या लोकांना हवे असायचे ते बुटके, चौकोनी डबे, ज्यांच्या मागच्या सीटवर ते लहानपणी भावंडांशी भांडले, ओकले. मामा नाक मुरडत. माणूस हौसेनं घेतो ती लहानपणी जिच्याकडे नुसता बघत राहिला ती गाडी, जिच्यात बसून कंटाळला ती नव्हे, असा त्यांचा ठाम हिशोब. तो साफ चुकला.

तसला एक डबा त्यांच्या घरीही होता. मामी जन्मभर त्यातूनच फिरल्या. लांबडीतून एकदा फिरवून आणा की, असं त्या म्हणायच्या, आणि मामा म्हणायचे, गिऱ्हाइकाची गाडी आहे, सीट मळेल. मामी गेल्या. दारात उभा डबा पाहवेना, म्हणून मामांनी तो भंगारात देऊन टाकला.

पुढे एक मास्तर आले. अगदी तसाच डबा शोधून द्या म्हणाले. मामांनी शब्द दिला. शोधता शोधता नाकी नऊ आले, पण शेवटी एका गोदामात सापडला. आतून बघायला म्हणून मामा बसले ते नेमके ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, मामींच्या जागी. काच खाली करायची दांडी गुडघ्याला लागत होती. मामींनी कधी तक्रार केली नव्हती. मामांना एकदम त्या हव्याशा झाल्या, इतक्या की उठवेना.

गाडी शेडमध्ये आणली, पण मास्तरांना कळवलं नाही. रोज संध्याकाळी मामा त्या सीटवर जाऊन बसत.

शेवटी एका संध्याकाळी, मामा त्या सीटवरच बसलेले असताना, मास्तर येऊन धडकले. मामांनी काही न लपवता सगळं सांगितलं. मास्तर बिचारे वरमले. राहू द्या तुमच्याकडेच, आईला मी समजावतो, म्हणाले.

"आईला?"

"तिची होती अशी. स्वतः चालवायची. परत एकदा बसायचंय म्हणते."

 मामा सावकाश गाडीतून खाली उतरले आणि त्यांनी चावी मास्तरांच्या हातात ठेवली.

"घेऊन जा. तुमच्याकडे अजून मागणारं माणूस आहे. आजच बसवा त्यांना."