चेंडू न मागणारा मॅनेजर

सुपडूनाना गेल्याचा फोन अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, स्वतः केला. मी जळगावच्या मैदानावर पोरांवर खेकसत होतो. "तुना नाना गया रे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि माझा आवाज असा बसला की पोरांना वाटलं सराव संपला... आता महिना उलटलाय. या महिन्यात लोकांनी नानांचे गुण असे गायले, की ते ऐकून नाना उठून बसले असते आणि म्हणाले असते, "कोन मेला रे हा, इतका चांगला?"

दाळमिलमधली नोकरी सांभाळून नानांनी आमचा बेसबॉलचा संघ उभा केला. नजर म्हणाल तर अशी, की समोरचा बॅटर कुठे मारणार हे ते त्याच्या पायाच्या बोटांवरून ओळखायचे, आणि तेही त्यानं बूट घातलेले असताना. केळीच्या लिलावात घड झेलणारा हमाल पाहिला आणि त्याला थेट कॅचर केला. आवाजाचं तर विचारूच नका. नाना जळगावात ओरडले की धुळ्याच्या पोरांचे झेल सुटत. पण मॅनेजर म्हणून या माणसात एक खोट होती, आणि ती बैलगाडीएवढी होती. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, थकला की मॅनेजरनं मैदानात चालत जायचं, त्याच्या हातातून चेंडू घ्यायचा आणि दुसऱ्याला द्यायचा. नाना चालत जायचे, पाठीवर हात ठेवायचे, हवापाण्याचं बोलायचे आणि तसेच परत यायचे. चेंडू मागायचेच नाहीत. "भर लग्नात पोराला मांडवाबाहेर काढल्यासारखं वाटतं रे," म्हणायचे. यापायी आम्ही किती सामने घालवले ते विचारू नका.

त्यातला एक माझा. आमच्या आबांनी, म्हणजे वडिलांनी, मला एकच हंगाम दिला होता. राज्याच्या संघात निवड झाली तर ठीक, नाहीतर गावी, चोपड्याला येऊन केळीची बाग बघायची. धुळ्याविरुद्ध, धुळ्यातल्याच देवपूरच्या मैदानावर अंतिम सामना, निवड करणारे समोर बसलेले. शेवटी शेवटी फेकून फेकून माझा खांदा असा गेला, की चेंडू बॅटरपर्यंत पोचायला वाटेत चहा घेत होता. नाना आले. मनात म्हटलं, घ्या हो चेंडू! नाना म्हणाले, "ऊन भारी शे आज," आणि परत गेले. पुढच्याच चेंडूवर होमरन, थेट मैदानाबाहेर. तो चेंडू बहुधा अजून पांझरा नदीत वाहतोय... सामना गेला, निवडही गेली.

संघ जळगावला निघाला, पण नाना माझ्याबरोबर चोपड्याच्या बसमध्ये बसले. आबा बाजेवर वाटच बघत होते. "झालं ना? उद्यापासून केळीत."

"आबा, पोरगं हारनं नही, मी हारनू," नाना म्हणाले. "त्याना हात थकना व्हता, माले दिसत व्हतं. तरी मी त्याले काढं नही."

"तुम्हले सारा खेळ समजस, नि इतलं जमत नही?"

"नही जमत. पन मनी चूकनी सजा याले देऊ नका. आजून एक वरीस द्या."

तेवढ्यात आईनं ताट वाढलं, आणि नानांनी भाकरींचा असा फडशा पाडायला घेतला, की वर्ष दिल्याशिवाय हा पाहुणा उठत नाही आणि तोवर घरातलं पीठ उरत नाही, हे आबांनी ओळखलं. वर्ष मिळालं. त्याच वर्षावर मी राज्याकडून खेळलो, क्रीडाशिक्षक झालो आणि आज नानांच्याच संघाचा मॅनेजर आहे. नाना मात्र बदलले नाहीत. पुढच्या हंगामातही पिचर थकला की ऊन भारीच असायचं.

गेल्या आठवड्यात आम्ही देवपुरात धुळ्याला हरवलं. माझा पिचर थकल्यावर मी गेलो आणि सरळ हात पुढे करून चेंडू घेतला. नानांकडून ही एक गोष्ट मी उलटी शिकलोय. जळगावात उतरल्यावर आधी अक्कांकडे गेलो. त्या चुलीपुढे होत्या.

"जिंकनात का?"

"हो अक्का."

अक्का हसल्या. मग जे सांगितलं ते मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. सामना हरला की नाना घरी जेवायला यायचेच नाहीत. ज्या पोराच्या हातून सामना गेला, त्याच्या घरी जाऊन बसायचे. पाहुणा जेवत असला की बाप पोराला बोलत नाही, हे त्यांचं शास्त्र. म्हणजे चोपड्याला नाना जेवले ते काही माझ्या एकट्यासाठी नव्हतं... "तुम्ही जिंकनात तरच हाऊ मानूस घर जेवे," अक्का म्हणाल्या. "म्हनून मी देवले हात जोडू." आणि आम्ही समजत होतो, सामन्याआधी देवापुढे बसणाऱ्या अक्कांना बेसबॉलचं वेड आहे!

त्यांनी नानांचा पाट मांडला. "जिंकी उना ना? मंग आठे घरच जेव."

बसलो. तव्यावरची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पानात पडत राहिली. पोट केव्हाच भरलं होतं, पण अक्का वाढत होत्या, आणि पुरे म्हणायला माझा हात काही पुढे होईना.