लोर्नाची तीनशे आठ

लोर्ना ट्वेट हिवाळाभर आमच्या खोऱ्यातल्या रस्त्यांवरचं बर्फ काढायचा ट्रक चालवायची. अंगकाठी एवढीशी, पण हट्ट खेचराचा. तिचा नवरा आर्ने गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी बसला आणि एल्क हे घोड्याएवढं हरीण मारून हिवाळ्याच्या मांसाची बेगमी करायचं काम तिच्यावर आलं.

घरात सासऱ्यांची तीनशे अडतीस मॅग्नम ही जबर ताकदीची रायफल होती. तिचा दणका असा, की आदल्या मोसमात लोर्नाने चाप ओढताना डोळेच मिटले. गोळी पाइनच्या फांदीत गेली नि खांदा काळानिळा पडला.

या वेळी तिने दुकानात जाऊन सरळ तीनशे आठ कॅलिबरची, हलक्या दणक्याची रायफल आणली. धाकटा दीर रूडी हसून लोळायचा बाकी राहिला.

“वहिनी, एल्क म्हणजे ससा नव्हे! एवढं धूड ते, त्याला गुदगुल्या करणार का?”

“तुमच्या तोफेनं मी नुसतं आभाळ मारते रे. हिनं निदान जनावर तरी पडेल.”

उन्हाळाभर काम सुटलं की ती खडीच्या खाणीत जाऊन सराव करायची. बसून, गुडघा टेकून, मुद्दाम धाप लागेपर्यंत पळून. दणक्याची धास्ती गेली, डोळे उघडे राहू लागले. दोनशे यार्डांवरची ताटली चुकेना. त्यापलीकडे मात्र गोळी झाडायची नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

नोव्हेंबरात लोर्ना, रूडी आणि शेजारी म्हणून मी, असे तिघं डोंगर चढलो. उजाडताच समोरच्या उतारावर मोठा नर दिसला. खूप लांब.

“मार ना!” रूडी कुजबुजला.

“माझ्या टप्प्यात नाही.”

“तरी सांगत होतो, मॅग्नम घे!”

ती वारा तोंडावर घेत घळीत उतरली आणि बर्फातून कोपरांवर सरपटत निघाली. आम्ही दुर्बिणीतून बघत होतो. नराने मान वर केली, लोर्ना जागीच थिजली. तो पुन्हा चरू लागला, मग आडवा वळला. एकच बार झाला. नर चार पावलं चालला, गुडघ्यांवर बसला आणि कलंडला.

आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या मानेवर हात ठेवून लोर्ना एकाच वेळी हसत-रडत होती. गोळी नेमकी खांद्यामागे लागली होती.

रूडीने शिकारीची नारिंगी टोपी काढली. “वहिनी, पुढच्या वर्षी मला शिकवशील?”

“आधी याची एक मांडी खाली वाहून ने, मग बघू!”

त्या संध्याकाळी आर्नेने एका पायावर तोल सांभाळत कांद्यावर कलेजी परतली आणि पहिली ताटली बायकोपुढे ठेवली.