बाईंची उभी माती

जबलपूरच्या आमच्या कृषी महाविद्यालयात जिन्याखालच्या कोपऱ्यात एक लांबट लाकडी पेटी उभी आहे. तिच्यात एका शेताचा उभा काप आहे, वरच्या नांगरटीपासून थेट खालच्या दगडगोट्यांपर्यंत. त्या गोट्यांवरचे ओरखडे हिमनदीने ओढले, असं लिहून कित्येक वर्षांच्या विद्यार्थ्यांनी मार्क मिळवले. ते हिमनदीचे नाहीत. ते मी मारलेत, वडिलांच्या कानशीने. हे आजवर मी कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

पण ती पेटी माझी नव्हे, बाईंची. बाई आम्हाला मृदाशास्त्र शिकवायच्या आणि पुढे मी त्यांच्याच हाताखाली सहायक म्हणून लागलो. बाकी सगळ्यांच्या त्या ‘मैडम’; विभागात मराठी घरातला मी एकटाच, म्हणून मला ‘बाई’ म्हणायची सवलत. खेड्यापाड्यांत मात्र त्यांचं नाव होतं गड्ढेवाली दीदी. कारण शेतात पोचल्यावर पहिलं काम खड्डा. छातीइतका खोल खड्डा तयार झाला की बाई पदर खोचून, कॅनव्हासचे बूट घालून आत उतरायच्या आणि मग दिवसभर जमिनीवर फक्त त्यांचं डोकं दिसायचं. चहा खाली, डबा खाली, मला रागावणंही खालूनच. एकदा बांधावरून जाणारा सायकलवाला, जमिनीतून आलेलं “भैया, टाइम क्या हुआ?” ऐकून सायकलसकट आडवा झाला होता.

“वरून माती बघून मत देणं म्हणजे नवरीचा शालू बघून लग्न ठरवणं,” असं त्या म्हणत. त्यांचा नियम एकच: उतरल्याशिवाय बोलायचं नाही. मी काठावर उभा राहून काही शहाणपण सुरू केलं की खालून आवाज यायचा, “काहून रे सुहास, पँटला इस्तरी करून आला काय? उतर ना बापा!”

माणसांनाही बाई मातीसारखंच तपासायच्या. जबलपूरजवळ पाटनकडे काळ्या जमिनीत शेताला चहूकडून बांध घालून पावसाचं पाणी पार दसऱ्यापर्यंत कोंडून ठेवतात, मग ते सोडून गहू-हरभरा पेरतात. आमचे हेडक्लार्क बाईंच्या मते तसेच होते. “पाटनची जमीन आहे ती. एक शब्द आत गेला की धरून बसली.” उलट ज्याच्या मनात काही साचत नाही तो ‘चांगल्या निचऱ्याचा माणूस’. ही त्यांची सगळ्यात मोठी पदवी. स्वतः बाई त्या पदवीच्या पहिल्या मानकरी. सकाळी मला सगळ्या विभागासमोर झाडायच्या आणि दुपारी डब्यातली वडी पुढे करून विचारायच्या, “तुला रागावले ना मी? कशावरून ते आठवूनच नाही राहिलं.”

त्यांचं सर्वांत लाडकं शेत उमरियाच्या बाजूला होतं, फूलमती नावाच्या शेतकरणीचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपला हा सगळा मुलूख दक्षिण ध्रुवाजवळ बर्फाखाली होता. तिथल्या हिमनद्यांनी डोंगर खरवडून जे आणलं ते जाता जाता टाकून दिलं, आणि त्याच्यावर आजची माती बनली. “नदी निवडून आणते,” बाई सांगायच्या, “इथे वाळू, तिथे गोटे, सगळे घासूनपुसून गोल. हिमनदीला निवड नाही. बदली झालेल्या रेल्वेबाबूचं सामान असतं ते. पलंगाखाली बरणी, बरणीत चपला.” लहान, मोठे, टोकेरी, एका अंगाने घासून सपाट झालेले, ओरखडलेले दगड, सगळे एकाच बारीक चिखलात रुतलेले. आणि त्याच्यावर भुसभुशीत, तांबूस तपकिरी माती. वरून खालपर्यंत एकच उबदार रंग. कुठे करडा पट्टा नाही, गंजासारखा ठिपका नाही. ठिपका नाही म्हणजे पाणी कुठे तुंबलं नाही, मुळांना हवा आहे.

बाईंनी खड्ड्याच्या तळाशी आपल्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी ओतलं. ते बघता बघता जिरलं. फूलमती काठावरून ओरडली, “अरे दीदी, पीने का पानी काहे बहा रही हो?”

“देख रही हूँ तुम्हारा खेत कितना प्यासा है.”

“प्यासा नहीं, निगोड़ा है. पानी रुकता ही नहीं!”

“रुकता नहीं, तभी तो तुम्हारी अरहर की जड़ नहीं सड़ती. गाली मत दो उसे.”

बाईंनी त्या खड्ड्याच्या भिंतीतून पेटीभर काप काढला. यालाच त्या ‘उभी माती’ म्हणत. सुरीने कोरून, वरून पेटी दाबून, हळूहळू मोकळा करायचा. घाई केली की कोसळतो. दोन दिवस लागले. त्यांना पुढच्या गावाला जायचं होतं, म्हणून पेटी माझ्या हवाली झाली. “मांडीवर आडवी धरायची. जबलपूर येईपर्यंत उभी करायची नाही. बाळ समज.”

वाटेत कुंडमला एका टपरीवरून गरम मंगोड्यांचा, म्हणजे मुगाच्या भज्यांचा, वास आला आणि मी ते बाळ जीपच्या चाकाला टेकवून उभं केलं. ड्रायव्हर रामसेवक भैयाने जीप सावलीत घेण्यासाठी सुरू केली. पुढचं एका सेकंदात झालं. वरची माती मुळांमुळे पेटीला धरून राहिली. खालचा सगळा हिमनदीचा भाग टपरीसमोरच्या धुळीत, खडीत आणि चहाच्या चोथ्यात मिसळला. रामसेवक म्हणाला, “भैया, मैडम को बता दो, डाँटेंगी, खतम.” त्याचं खरं होतं. पण मला भीती रागाची नव्हती. दोन दिवस ती भिंत कोरताना बाईंचा चेहरा मी पाहिला होता. तो चेहरा पडलेला मला बघायचा नव्हता.

मी रामसेवकला शपथ घातली. जबलपुरात रांझीला आमच्या क्वार्टरजवळ एका घराचा पाया खणला जात होता, तिथली पिवळट माती आणली. गोटे ग्वारीघाटावरून. नर्मदेचेच ते, गोल गरगरीत. वडील फॅक्टरीत फिटर. त्यांची कानस घेऊन मागच्या अंगणात बसलो.

“काय करून राहिला रे?” वडिलांनी विचारलं.

“प्रॅक्टिकल.”

हिमनदीला जे करायला हजारो वर्षं लागली ते मी जेवायच्या सुट्टीत उरकलं. वरून लाखेचा हात दिला.

बाई आल्या, पेटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी खालच्या एका ओरखडलेल्या गोट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “ही हिमनदीची सही!” त्यांनी तो थर स्वतः कोरला होता, पेटीत त्यांना तोच दिसत होता. त्यानंतर दर वर्षी नव्या मुलांसमोर त्या त्याच गोट्यावर बोट ठेवून तेच वाक्य म्हणत आणि मी मागच्या बाकावर बसून बुटाच्या लेसकडे बघे.

इथपर्यंतचं मी हसून सांगू शकतो. पुढचं नाही.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका मुलीने हात वर केला. “मैडम, हिमनदी घासून गोल करत नाही असं तुम्ही म्हणता. मग हे एवढे गोल कसे?” बाई वाकल्या, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, संपलं. त्या उठल्या त्या हसतच. “शाबास! मलाही नाही माहीत. इतकी वर्षं मी नीट पाहिलंच नाही. चलो, पुन्हा खणू!”

संध्याकाळी त्यांनी मला फूलमतीकडे निरोप धाडायला सांगितलं. मी धाडला नाही. चार दिवसांनी सांगितलं, “बाई, फूलमतीने शेत विकलं. नवा मालक आत पाऊल ठेवू देत नाही.”

“अच्छा,” बाई म्हणाल्या. मग त्या निवृत्त झाल्या, गुडघे गेले आणि पुण्याला पुतणीकडे राहायला गेल्या.

आता बाईंची पेटी माझ्या ताब्यात आहे, बाईंची खुर्चीही. दसऱ्याला त्यांचा फोन येतो. तब्येत, हवापाणी, आणि मग ठरलेला प्रश्न: “सुहास, त्या गोल गोट्यांचं काही कळलं काय?” मागच्या दसऱ्याला म्हणाल्या, “मी विचार करून राहिले. बर्फाच्या पोटातून वितळलेल्या पाण्याची एखादी नदी वाहत असेल, तिनं गोल केले असतील. मग बर्फानं ओरखडले. जमतं ना?”

खरोखर जमत होतं. माझ्या कानशीला त्यांनी एक अख्खी नदी देऊन टाकली होती.

“लिहा ना बाई,” मी म्हणालो.

“नाही रे. उतरले नाही ना मी पुन्हा. उतरल्याशिवाय कसं बोलायचं?”

फोन ठेवल्यावर मी जिन्याखाली जाऊन त्या गोट्यावर बोट फिरवलं. बाईंच्या नियमामुळे माझं खोटं छापून आलं नाही. पण या वयात त्यांचं डोकं त्याच्याभोवती फिरतं आहे.

मी या हिवाळ्यात एकटाच उमरियाला जाऊन आलो. फूलमती आता म्हातारी झाली आहे, शेत तिचंच आहे. तूर कमरेच्या वर. मला बघून तिने माझ्या मागे पाहिलं. “गड्ढेवाली दीदी नहीं आईं? मैं तो सोचती थी हमसे नाराज हैं. बुलवाया ही नहीं फिर.”

बाई, मराठीत छापलेलं काहीही तुमची पुतणी तुम्हाला वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. तिला इथे जरा थांबायला सांगा. हसू आलं तर हसून घ्या, नदी तुमची फारच सुंदर होती. राग आला तर तोही करा. तुमचा राग संध्याकाळपर्यंत जिरतो. पाटनची जमीन निघालो तो मी; इतकी वर्षं धरून बसलो.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी पुढच्या तासाला त्याच पेटीसमोर उभा राहून देणार आहे. तुमचं देणं मात्र वेगळं आहे. फूलमतीच्या शेतात छातीइतका खोल, खरे दगड लागेपर्यंतचा एक खड्डा मी तुम्हाला देणं लागतो. तूर निघाली की तो मी खणेन, आत उतरेन आणि तिथूनच तुम्हाला फोन करेन. तोवर तो बाकी आहे.