इवाईबुवांचा गळ माझ्या टोपीत

मंडळी, आज सकाळी आमच्या इवाईबुवांनी मासा सोडून मलेच गळाले लावलं!

लेकीचे हे सासरे. लग्नात पंगतीवरून आमचं वाजलं, तेव्हापासून दोन वर्षं अबोला. लेकीचा जीव मधल्यामधी अडकलेला. नातीच्या बारशासाठी ते काल आमच्या मारेगावले आले.

सकाळी नदीवर गेलो, तर माझ्याच जागेवर हे उभे! हातात लांब काठी, दोरीच्या टोकाले कोंबड्याच्या पिसाची बनवलेली माशी. मी थोडं मागं गळाले गांडूळ लावून बसलो. पाण्याजवळ बोलू नये हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून दोघंही गप्प.

त्यांनी मागं न पाहता दोरी झटकली, अन् गळ माझ्या टोपीत रुतला.

"इवाई, हलू नका!" ते ओरडले.

"काहून? वजनदार लागला का?"

मग काय, दोघंही पोट धरून हसलो. त्यांनी मले माशी पाण्यावर अलगद टेकवायले शिकवलं, मी त्यांले मासे दडायची जागा दाखवली. एक वीतभर मासा आला, तो त्यांनीच सोडून दिला.

रिकाम्या हातानं पण गप्पा मारत घरी आलो. लेक दारातच थबकली, अन् डोळ्याले पदर लावून चहा ठेवायले पळाली.

तुमचा अबोला कोणाशी आहे? उद्या त्याले नदीवर बोलवता का?