पुन्हा ऐकायचं की नाही

भडगावजवळ आमच्या शेताला लागूनच नानांचं शेत. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या बांधावरून आमची बैलगाडी जावी की नाही, यावरून दोघं हायकोर्टापर्यंत गेले. मधल्या काळात आमच्या शेताला दुसऱ्या बाजूने डांबरी रस्ता आला, बैलही विकले गेले. अपिलात वाट आम्हाला मिळाली. मग नानांनी अर्ज केला, की कोर्टाने नकाशा नीट पाहिलाच नाही, प्रकरण पुन्हा ऐकावं.

तारखेला दोघंही माझ्याच गाडीतून आले. नानांना गाडी लागते, म्हणून ते पुढे माझ्याशेजारी, वडील मागे भाकरीचा डबा धरून.

समोर दोन न्यायाधीश होते. थोरले म्हणाले, नकाशावरची रेघ आमच्या नजरेतून सुटली, पुन्हा ऐकायला हवं. धाकटे म्हणाले, सुटली असेलही, पण तेवढ्यासाठी निकाल उघडला तर कुठलाच निकाल बंद राहणार नाही. मग ते एकमेकांशीच बोलू लागले, अतिशय आदराने आणि बराच वेळ. दोन्ही वकील खाली बसून ऐकत होते.

नाना वडिलांच्या कानाशी लागले. "आपला वकील काबर बोलत नही?"

"त्यास्नं भांडन चालू शे," वडील म्हणाले. "आपलं नही."

थोड्या वेळाने वडिलांना राहवलं नाही. ते उठून म्हणाले, "साहेब, याचं ऐकायचं असेल तर ऐका परत. माझी हरकत नाही."

"प्रश्न तुमच्या हरकतीचा नाही," धाकटे न्यायाधीश शांतपणे म्हणाले.

"मग माझा अर्जही नको," नानाही उठले.

"जे असेल ते वकिलांमार्फत सांगा," थोरले म्हणाले. नानांच्या वकिलाने त्यांना कोट धरून खाली बसवलं. मुद्दा एवढा रंगलेला असताना अर्ज मागे घ्यायला तो तयार नव्हता.

दोघा न्यायाधीशांचं एकमत झालं नाही. प्रकरण तिसऱ्या न्यायाधीशांकडे गेलं, आणि पुढच्या तारखेला आम्ही तिघं तसेच एका गाडीतून आलो.

ते फार कसोशीचे गृहस्थ. पुन्हा ऐकायचं की नाही हे ठरवायला सगळं ऐकावं लागेल, असं म्हणून त्यांनी मुळापासून ऐकायला घेतलं. नकाशा टेबलावर पसरला, त्या रेघेवर भिंग धरलं, जुन्या साक्षी वाचून घेतल्या. त्याच संध्याकाळी निकाल सांगितला: पुन्हा ऐकण्याची गरज नाही.

नाना हरले होते, पण सगळं ऐकून घेतलं म्हणून परतताना गाडीत गुणगुणत होते. "बठ्ठं ऐकी लिधं त्यानी," दर थोड्या वेळाने म्हणायचे. वडील मात्र रुसलेले. जिंकूनही त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते हक्काच्या वाटेने चालत निघाले. नानांनी तिथे केव्हाच लिंबं लावलेली. काट्यात धोतर अडकलं, ते नानांनीच सोडवलं आणि मळ्यात नेऊन चहा पाजला. येताना वडील डांबरी रस्त्याने आले.